बाईंचं मंजन

डॉक्टर जयमाला टिपणीस यांच्या पायाला चक्र आहे, असं वाशीतल्या त्यांच्या सोसायटीत सगळेच म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, वर्तमानपत्र गॅलरीत येरझारा घालत. त्यांचे यजमान नंदकुमार बँकेत होते आणि स्वभावानं अगदी थंड. ते पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला निवांत बसलेली मी पाहिलेली नाही. अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा ही भटजींना घड्याळ दाखवत होती." बाई हसायच्या आणि हसता हसताच लुनाची किल्ली शोधायला लागायच्या.

टिपणीस मंडळी वाशीत राहायला आली तेव्हा तिथे रस्ते रुंद होते आणि माणसं मोजकी. रोज सकाळी बाई बसनं खाडीपूल ओलांडून मुंबईला संशोधन संस्थेत जायच्या. रविवारी मात्र पदर कमरेला खोचून, काचपट्ट्यांचा डबा पायाशी ठेवून लुना काढायच्या आणि खाडीकाठच्या गावांकडे सुटायच्या. मागे धूळ उडायची आणि गुराखी पोरं "डाक्टरीन आली रं" म्हणून ओरडायची.

कर्करोगाशी त्यांचं वैर जुनं. डॉक्टरकी झाल्यावर त्या सूक्ष्मदर्शकापुढे बसल्या त्या सात-आठ वर्षं. कुणाच्या तरी गालाचा, जिभेचा तुकडा यायचा, त्या तो बघायच्या आणि अहवाल लिहायच्या. अहवालाची भाषा शास्त्राची, अर्थ बहुतेक वेळा एकच: उशीर झाला. अखेर सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्या संस्थेच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, मला तुकडे नकोत. माणसं हवीत. आजार व्हायच्या आधीची." साहेब हसले. त्यांनी थोडाफार निधी दिला, हाताखाली मात्र कुणी दिलं नाही.

मग बाईंनी पोरं जमवायला सुरुवात केली. नुकती बी.एस्सी. झालेली, नोकरी नसलेली, डोळ्यांत काहीतरी असलेली पोरं. त्यांना त्यांनी काच कशी धरायची इथपासून शिकवलं. बाईंची जीभ म्हणजे वस्तरा. ज्याला त्यांनी रडवलं नाही तो त्यांचा विद्यार्थीच नव्हे. एक पोरगा पुढे अमेरिकेला गेला आणि दर दिवाळीला भेटकार्ड पाठवायला लागला. एक औषधं विकायला लागला. एक तर तिसऱ्या दिवशीच डबा तिथंच टाकून पळाला. टिकले त्यांना बाईंचा एक मंत्र पाठ झाला होता: "ठरलंय तेच विचारा. सांगतील तेच लिहा. आपल्या पदरचं काही घालू नका."

या टिकलेल्यांत अरुणा तांडेल ही शेवटची आणि बाईंच्या लेखी सगळ्यांत गुणाची. हे बाईंनी तिला कधी सांगितलं नाही, तो भाग वेगळा. ती करावे गावची. गावातली विज्ञान शिकलेली पहिलीच मुलगी. बोलायची कमी, हात मात्र स्थिर. तिनं घेतलेला नमुना कधी फुकट गेला नाही.

करावे गाव बाईंनी निवडलं ते मशेरीसाठी. तिथल्या बायका तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या, कुस्करून डबीत भरायच्या आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावायच्या. बाईंनी गावातल्या बायकांची तोंडं पाहिली तेव्हा घरटी एकीच्या गालात आतून पांढरा चट्टा. असा चट्टा दुखत नाही, खुपत नाही. काही वर्षं नुसता बसून असतो आणि मग एखादीच्या गालात एक दिवस कर्करोग होऊन उठतो. तेवढ्या काळात मशेरी सुटली तर चट्टा विरून जाईल, बाई वाचेल, असं बाईंचं म्हणणं होतं. हे एकदा सिद्ध झालं की खाडीकाठच्या प्रत्येक गावात जाऊन सांगता येणार होतं.

पहिल्यांदा गावानं दारं लावून घेतली. कागद घेऊन येणारं कुणीही माणूस म्हणजे सिडकोचं, जमीन मोजायला आलेलं. शेतं आणि मिठागरं गेली होती, त्या वर्षी, चौऱ्याऐंशीत, जमिनीच्या आंदोलनावर उरणकडे गोळीबारही झाला होता. अरुणा घरोघर फिरली तेव्हा कुठं दारं उघडली. बाईंनी गुलाबी रंगाचं, लवंगेच्या वासाचं मंजन करून घेतलं आणि घराघरांत डब्या भरून फुकट वाटलं. "मशेरी सोडा आणि हे लावा." बायकांना वास आवडला, रंग आवडला. गावात त्याचं नाव पडलं 'बाईंचं मंजन'.

दीड वर्ष अरुणा दर महिन्याला घरोघर जाऊन विचारत होती, "मशेरी लावता का?" आणि दर घरातून उत्तर येत होतं, "नाय गो, आथा बाईंचं मंजन लावतंव." बाई खूश होत्या. फक्त एका गोष्टीनं त्यांची झोप उडाली होती. चट्टे जात नव्हते.

जात तर नव्हतेच, दोघीतिघींचे पसरले होते. त्यातली एक होती विमलबाई, अरुणाची आई. डाव्या गालातला चट्टा आधी नखाएवढा होता, आता अंगठ्याएवढा झाला होता आणि कडेला लालसर दिसायला लागला होता. तो लाल रंग बाईंना ओळखीचा होता. अरुणालाही आता ओळखता येत होता, बाईंनीच शिकवलं होतं.

"सोडूनही जात नसेल, तर मी गावभर काय सांगत फिरतेय?" बाई घरात फेऱ्या घालत म्हणायच्या. नंदकुमार म्हणायचे, "आधी खाली बस, मग सांगतो." पण सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

मोठ्या साहेबांजवळ होतं. "निष्कर्ष स्पष्ट आहे, डॉक्टर टिपणीस," ते म्हणाले. "एका वयानंतर तंबाखू सोडून फायदा नाही. जानेवारीत परिषद आहे, निबंध वाचा आणि गावातलं काम गुंडाळा. पैसा प्रयोगशाळेला लागतोय." म्हणजे एकदा तसं छापून आलं की पुन्हा कुठल्या विमलबाईला कुणी सोडा म्हणायलाही जाणार नव्हतं. बाईंनी निबंध लिहायला घेतला. तीन वेळा लिहिला, तीन वेळा फाडला.

त्याच आठवड्यात अरुणानं आईच्या गालातून खरवडून घेतलेला नमुना बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पेशी बऱ्या नव्हत्या, पण अजून हाताबाहेरही गेल्या नव्हत्या. बाईंची नजर मात्र पेशींवरून सरकून भलतीकडेच अडकली. पेशींमध्ये बारीक काळे कण होते.

"अरुणा! काच धुतली होतीस?"

"हो, बाई."

"मग ही घाण कसली? इतकी वर्षं काय शिकलीस तू? बघ!"

अरुणानं डोळा लावला. "मशेरी आहे ही," ती हळूच म्हणाली.

"मशेरी कशी असेल? तुझ्या आईनं सोडलीय. तूच लिहिलंयस."

"ती मशेरी लावत नाही, बाई. मंजन लावते." "मंजनात मशेरी कालवते. सगळ्याच कालवतात."

बाईंना काही क्षण आपण काय ऐकलं तेच कळेना. कळलं तेव्हा त्यांचा आवाज चढला, शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. "आणि तू दीड वर्ष लिहीत राहिलीस, सोडली, सोडली, सोडली? तुझ्या घरातली गोष्ट! तुझी आई!"

"तुम्ही विचारायला सांगितलं होतं, मशेरी लावता का. त्या म्हणाल्या नाही, मंजन लावतो. मी तेच लिहिलं." अरुणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती मागे हटली नाही. "आमच्यात तव्यावरून उतरते ती मशेरी. बाईंच्या डबीत गेली की ते मंजन. मलासुद्धा तसंच वाटायचं, बाई. खरंच. आणि कधी शंका आली, तर तुमचंच आठवायचं. पदरचं घालू नकोस म्हणाला होतात."

बाईंचा राग होता तसाच होता, फक्त तो कुणावर काढायचा ते आता कळत नव्हतं. पोरीला अक्षर न् अक्षर पाळायला त्यांनीच शिकवलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी जे दिसतं ते सांगायची सोय त्या मंत्रात नव्हती. बाईंना स्वतःची भयंकर चीड आली.

"चल," त्या म्हणाल्या. "आत्ता. तुझ्या घरी."

दोघी बसनं वाशीला आल्या आणि दुपारच्या उन्हात लुना करावे गावाकडे निघाली. मागे अरुणा डबा धरून बसली होती. बाई वाटेत मनातल्या मनात भाषण रचत होत्या. विमलबाईंना असं फैलावर घ्यायचं की पुन्हा डबीकडे बघायची हिंमत होऊ नये. स्वतःच्या जिवाची नाही तर नाही, पोरीची तरी पर्वा करा म्हणावं.

तांडेलांच्या ओटीवर अरुणाची आजी बाजेवर पडली होती. आत जेवणं नुकतीच आटोपली होती. अरुणानं खुणेनं बाईंना घराच्या बाजूनं परसात नेलं.

विमलबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. पाय लांब केलेले, पाठ भिंतीला. तर्जनी तोंडात, ओठांच्या कडेला गुलाबी-काळं पाणी. डोळे अर्धे मिटलेले. समोर भांड्यांचा ढीग तसाच पडला होता. बाई पुढं सरसावल्या, तेवढ्यात ओटीवरून म्हातारीचा आवाज आला.

"इमल! पानी दे गो!"

विमलबाई हलल्या नाहीत. तिथूनच म्हातारी म्हणाली, "मंजन लावतंय वाटतं. बरं, लाव लाव." आणि बाज करकरल्याचा आवाज आला. म्हातारी आपणहून उठून माठाकडे गेली.

कुंपणावरून शेजारीण डोकावली. तिला कोयता हवा होता. विमलबाईंचं बोट तोंडात बघून तिनं हातानंच "मंग येतंय" अशी खूण केली आणि वळली. अरुणाचा थोरला भाऊ भाकरी मागायला आला, आईकडं बघितलं आणि मुकाट्यानं शिंकाळ्याला हात घातला. या बाईला कुणी काही सांगत नव्हतं, कारण तिचं तोंड भरलेलं होतं, आणि तोंड भरलेल्या बाईला हाक मारायची नसते, हे त्या घरात न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई पायरीपाशी उभ्याच राहिल्या.

बऱ्याच वेळानं विमलबाईंनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि डोळे उघडले. पाहुणी बघून त्या लगबगीनं उठल्या, आणि त्या उठल्या मात्र, लागलीच आतून "इमल!", पलीकडून "वयनी, कोयता!", बाहेरून "आये, माझा शर्ट खय?" सगळे आवाज जणू पायरीखाली दबा धरून बसले होते.

"विमलबाई," बाईंनी विचारलं, आणि आपला आवाज इतका खाली आलेला ऐकून त्यांनाच नवल वाटलं, "मी दिलेलं मंजन नुसतंच का नाही लावत?"

"लावलं ना बाय, पयलं नुसतंच लावलं. बेस हाय. दोन मिन्टांत दात साफ."

"मग?"

"मंग काय?" विमलबाई ओशाळून हसल्या. "मंग उठायलाच लागतं ना."

अरुणानं तोंड फिरवलं. जन्मभर तिनं आईला त्या पायरीवर बसलेलं पाहिलं होतं आणि आई दात घासतेय असंच तिला वाटत आलं होतं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही, कारण लपवायचं सुचलंच नाही.

परिषदेतून बाईंनी नाव काढून घेतलं. "कुणीही मशेरी सोडलेली नाही, साहेब. मग सोडून फायदा होत नाही, असं मी कशाच्या जोरावर लिहू?" साहेबांनी विचारलं, दीड वर्ष मग काय केलंत? "मशेरीला रंग दिला," बाई म्हणाल्या. साहेबांनी उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली, तीही त्यांच्या जुन्या कामाकडे बघून.

मुदत मिळाली तरी करायचं काय, हा प्रश्न होताच. विमलबाईंना ओरडून मशेरी सोडायला लावता आली असती, पण मग त्या दुपारच्या पायरीचं काय? ती घेतली तर बदल्यात देणार काय? बाईंचं डोकं चालेना. त्या लुना घेऊन बेलापूरपर्यंत जाऊन उगाच परत येत. असे काही दिवस गेल्यावर प्रयोगशाळेत काचा पुसता पुसता अरुणा म्हणाली, "बाई, आज पदरचं घालू का थोडं?"

"घाल. एवढं रामायण न घातल्यामुळंच झालंय."

"आईला औषध द्या. तोंडात धरून बसायचं."

"तोंडात धरायचं औषध नाहीये गं यावर."

"मिठाचं कोमट पाणी द्या. लवंग टाका वाटल्यास."

"त्यानं चट्टा जाईल?"

"नाही जाणार. पण तोंडात असताना तिला बोलता येणार नाही."

बाईंना ते पटलं. मग त्यांना आपल्या शास्त्राची अब्रू आठवली. खोटं औषध द्यायचं? आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या खोट्या औषधांना शिव्या घातल्या होत्या. ती रात्र तळमळण्यात गेली. सकाळी मात्र त्यांनी विमलबाईंना एकटीला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "या पाण्यात काही जादू नाही. मशेरी सोडली तरच तुमचा गाल वाचेल, नाहीतर कापायला लागेल. पाणी आहे ते फक्त तुम्हाला बसता यावं म्हणून." विमलबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

त्यानंतर बाई ओटीवर आल्या आणि म्हातारीला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाल्या, "रोज जेवण झाल्यावर अर्धा तास हे पाणी तोंडात धरायचं. एका जागी बसायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही. मधे उठलं तर उपयोग नाही." यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हातारीनं विचारलं, "किती दिस?" बाई म्हणाल्या, "कायमचं." म्हातारीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण डाक्टरणीनं कागदावर लिहून शिक्का मारला होता. शिक्क्यापुढं त्या गावात कुणाचं कधी चाललं होतं?

पहिले आठवडे वाईट गेले. विमलबाईंचं डोकं दुखायचं, पोट फुगायचं, त्या पोरांवर खेकसायच्या. दोनदा त्यांनी चोरून शेजारणीची डबी उघडली आणि दोनदा स्वतःच अरुणाला येऊन सांगितलं. अरुणा रागावली नाही. तिनं दोन्ही वेळा तसंच लिहिलं. बाई दर रविवारी गाल बघायच्या आणि अरुणाला नमुना घ्यायला लावायच्या. शिमगा जवळ आला तेव्हा चट्ट्याची लाल कड पुसट झाली होती. नमुन्यात काळे कण नव्हते. बाईंनी काच काढली, पुन्हा लावली, पुन्हा पाहिली आणि अरुणाला हाक मारली. "बघ गं. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही." अरुणानं बघितलं आणि ती तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडली.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. गालाची नव्हे, औषधाची. पुढच्या रविवारी शाळेच्या ओट्यावर बायकांची रांग लागली. कुणाच्या गालात चट्टा होता, कुणाच्या ओठात. बाई तोंड बघत होत्या, मशेरीबद्दल सुनावत होत्या, मिठाच्या पाण्याचा कागद लिहीत होत्या. अरुणा शेजारी बसून एकेकीला विचारत होती, आणि आता डबीत काय काय घालता इथपासून विचारत होती.

शेवटी एक पोरगी पुढं आली. लग्नाला वर्षही झालं नसेल, हातातला हिरवा चुडा अजून भरलेला. तिच्या मागं थोड्या अंतरावर तिची सासू उभी होती आणि पोरीच्या कडेवर कुणाचंतरी रडकं पोर होतं. बाईंनी बॅटरी लावून तिचं तोंड पाहिलं. उजवा गाल, डावा गाल, जीभ. सगळं गुलाबी, निकोप.

"मशेरी लावतेस?"

"नाय."

"कधी लावली होतीस?"

"कवाच नाय. मना वास नाय आवडत."

"मग तुला काहीसुद्धा झालेलं नाहीये गं. तुला कशाला औषध?"

पोरीनं मागं वळून सासूकडं पाहिलं. मग कडेवरचं पोर सावरत ती वाकली आणि बाईंच्या कानाशी पुटपुटली, "मना पन बसायचं हाय, बाय."

बाईंनी कागद पुढं ओढला. अर्धा तास लिहायचं होतं तिथं त्यांनी एक तास लिहिलं, आणि खाली दाबून शिक्का मारला.